हिव वाजताना

आमच्या संगणकात एक ध्वनिमुद्रण आहे. बरीच वर्षे त्याची लांबी शून्य सेकंद आणि आकार दीडशे मेगाबाइटांहून थोडा अधिक, असे दिसत असे. वजन आहे पण लांबी नाही, अशी ही वस्तू आम्ही इतकी वर्षे का सांभाळली, असे एका स्नेह्याने विचारले तेव्हा उत्तर देणे जमले नाही. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजावा. (‘आम्ही’ म्हणजे एकटे आम्हीच. मराठीच्या अध्यापकाला आयुष्यभर ‘प्रस्तुत लेखकास असे वाटते’ लिहून झाल्यावर ‘मी’ म्हणण्याचा संकोच वाटू लागतो, त्याला इलाज नाही.)

प्रसंग २०१८ सालच्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातला, स्थळ परभणी जिल्ह्यातील, पूर्णा तालुक्यातील ताडकळस. परभणीचे नाव निघाले की लोकांना मे महिना आठवतो. पारा ४४-४५ अंशांवर चढतो, डांबर मऊ होते, दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. याच परभणीचे नाव हिवाळ्यात राज्यातील सर्वांत थंड गावांच्या यादीत येते, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना पटवून देताना आमची अनेकदा दमछाक झाली आहे. त्यात गूढ काही नाही. डोंगर नाही, समुद्र नाही, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री अडवायला वर ढगाची गोधडीच नसते. उत्तरेचा वारा आला की मग काही बघायला नको. त्या आठवड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील वेधशाळेत किमान तापमान २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद झाली. वेधशाळेचा तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहूनही थंड असते. आम्ही जमिनीवर बसलो होतो.

बसलो होतो ते आमच्या थोरल्या चुलत्यांच्या आखाड्यावर. आखाडा म्हटल्यावर बाहेरच्या वाचकाला कुस्ती आठवेल. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला, गोठा-झोपडी-अंगण मिळून जे होते त्याला, आखाडा म्हणतात. तिथे लिंबाखाली एक जाते पडलेले होते. पूर्वी ते गावातल्या घरी माजघरात रोवलेले होते. पिठाची गिरणी आली, मग घराची फरशी झाली, आणि फरशीवर जाते शोभेना म्हणून ते बैलगाडीतून आखाड्यावर आले. तूर निघाली की डाळ भरडण्यापुरते ते फिरे, एरवी त्याच्यावर कोंबड्या बसत. मोठीमाय, म्हणजे आमची थोरली चुलती, हंगामात आखाड्यावरच राहत असे. रब्बीची ज्वारी उभी होती, हरभऱ्याला पाणी चालू होते, आणि शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. चुलतभाऊ मध्यरात्री उठून बारे देई. ज्यांनी डिसेंबरात रात्री दोन वाजता उघड्या पायाने दांडातले पाणी फिरवले आहे त्यांना ‘कडाका’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मोठीमायच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात, ही आमची कल्पना. ती काही अपूर्व नव्हती. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन चालवले, त्यात महाराष्ट्रातील शेकडो गावांमधून लाखाच्या वर ओव्या जमा झाल्या. त्या संगणकावर चढवून, वर्गवारी करून त्यांचा कोश उभा राहिला. संगीत आणि संगणक या दोन्हींत गती असलेले बर्नार्ड बेल त्या कामात होते. २०१७ पासून हा ठेवा ‘परी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रकाशित होऊ लागला, तेव्हा आम्हीही घरबसल्या ऐकत होतो, आणि एके दिवशी आमच्याच गावाचे नाव पुढे आले. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. ध्वनिमुद्रण १९९६च्या एप्रिलमधले. तो आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी ऐकावा, आम्ही वर्णन करणार नाही. १९९६ साली आम्ही मराठी घेऊन एम.ए. करीत होतो, लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘ओवीची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ याचे उत्तर लिहीत होतो आणि उदाहरणे पुस्तकातून घेत होतो. दूरदेशीची माणसे मात्र आमच्या गावात येऊन, बसून, ऐकून गेली होती. हे लक्षात आल्यावर जी लाज वाटली तिच्यातून ही मोहीम निघाली. शुद्ध ज्ञानलालसेतून निघाली असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही.

मोठीमायला दिवसा ओवी येत नसे. दिवाळीत एकदा घरात, दुपारी, पंखा बंद करून, तिला खुर्चीवर बसवून आम्ही विनंती केली होती. तिने दोन म्हटल्या, तिसरीला अडखळली आणि हात रिकामे धरून हसत बसली. हाताला खुंटा लागत नाही तोवर तोंडाला ओळ लागत नाही, हे आम्ही वर्गात ‘श्रम आणि लय यांचा अनुबंध’ या मथळ्याखाली वीस वर्षे शिकवत आलो होतो, तरीही खुर्ची मांडली होती. तेव्हा ठरले असे की तूर भरडायची असेल त्या पहाटे, जात्यावर, लिंबाखाली. जाते झोपडीत हलवता आले असते. पण झोपडीत तुरीची पोती होती, आणि आम्ही चार माणसे बोलावून जाते हलवण्याइतके पुढचे पाहिले नाही.

सोबत नेला तो मांडीवरचा संगणक २०११ साली घेतलेला होता. त्याची बॅटरी घरी दीड तास टिके. त्याला तारेने जोडायचा एक बरा मायक्रोफोन महाविद्यालयातल्या मित्राकडून उसना आणला होता. फोनवर मुद्रण करणे सोपे होते, हे आज कोणीही सांगेल. पण फोनमधले ध्वनिमुद्रण दाबलेले, आवाजाच्या बारकाव्यांना कात्री लावणारे असते, असे आम्ही कुठेतरी वाचले होते, आणि अर्धवट वाचलेल्या माणसाचा हट्ट पूर्ण असतो. आखाड्यावर विजेचा एकच बोर्ड, तोही विहिरीवरच्या मोटारीचा. त्यात संगणक लावायला चुलतभावाने साफ नकार दिला. “दाब वरखाली होतोय दादा, जळंल,” एवढेच म्हणाला. ते बरोबरच होते.

पहाटे साडेचारला उठलो. शेकोटी पेटलेली होती, पण तिचा तडतडाट मुद्रणात येईल म्हणून आम्हीच ती दूर करायला लावली. एका सत्तरीच्या बाईला दोन-तीन अंशांत शेकोटीपासून उठवून उघड्यावर बसवले, ही गोष्ट त्या वेळी आम्हाला तांत्रिक आवश्यकता वाटली. तिने डोक्यावरून शाल घेतली, पदर खोचला, जात्याचा पाळ पुसला, मूठभर तूर घातली आणि सुरू झाली. आम्ही समोर पोत्यावर बसलो, मांडीवर घोंगडी, घोंगडीवर संगणक. पडदा उघडा, त्यावर आवाजाची हिरवी रेघ थरथरते आहे, आणि भोवती सगळे काळे. आकाशात चंद्राची अर्धकोर होती, एवढे आठवते.

आता थोडे विषयांतर, पण ते टाळता येत नाही. मराठीत थंडी ‘वाजते’. भूक लागते, तहान लागते, झोप येते, ऊन लागते, पण थंडी वाजते. दात वाजतात म्हणून असेल, अंग वाद्यासारखे थरथरते म्हणून असेल. व्युत्पत्तीच्या वाटेला आम्ही जात नाही. मात्र आमच्या भागात जुनी माणसे ‘थंडी’ क्वचित म्हणतात. त्यांचा शब्द ‘हिव’. संस्कृत ‘हिम’ प्राकृतातून घरंगळत ‘हिंव’ झाले आणि ज्या मुलखात बर्फ कधी पडलाच नाही त्या मुलखात शेकोटीशी येऊन बसले. हिमालयाशी सख्खे नाते असलेला हा शब्द आमच्याकडे हिवाळ्यात आणि हिवतापात उरला. गोठण्याच्या बाबतीतही तेच. आमच्याकडे पाणी गोठत नाही. गोठते ते रक्त, आणि अलीकडे बँकेतली खाती. तूप थिजते, खोबरेल थिजते, भीतीने डोळे थिजतात. न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली हाच मराठी घराचा तापमापक, ती चुलीशेजारी ठेवावी लागली की हिवाळा लागला. संगणक चालता चालता ठप्प होतो त्याला इंग्रजीच्या वळणावर ‘गोठला’ म्हणण्याची चाल काही पाठ्यपुस्तकांनी पाडून पाहिली. ती चालली नाही, लोक ‘हँग झाला’ म्हणतात. त्या पहाटे मात्र तो शब्द अक्षरशः खरा होण्याच्या बेतात होता.

कारण थंडीत संगणकाचे नेमके काय होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमची भाबडी समजूत अशी की यंत्राला उष्णतेचे वैर, म्हणून तर आत पंखा असतो, तेव्हा गारठ्यात ते सुखाने चालेल. प्रक्रियकापुरती ही समजूत बरोबर आहे, त्याला थंडी मानवते. पण संगणक म्हणजे एकटा प्रक्रियक नव्हे. बॅटरी हा रसायनांचा कारभार, आणि रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावतात. आतला विरोध वाढतो, आणि जुनी बॅटरी असेल तर अधिक वीज ओढताच तिचा दाब एकदम कोसळतो. पडद्यावर चाळीस टक्के दिसत असताना संगणक बंद पडतो तो असा. जुन्या फिरत्या तबकडीच्या साठवणीतले वंगण थिजते. पडद्यातले द्रवस्फटिक आळसावतात, चित्र मागे रेंगाळते. अशा संगणकांसोबतच्या पत्रकात वापराच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते. पुष्कळदा ती खालच्या बाजूला ५ किंवा १० अंशांवरच थांबते. ते पत्रक आम्ही खोक्यासकट रद्दीत घातले होते.

म्हणजे थंडीत यंत्रे चालतच नाहीत असे नव्हे. लडाखात हानले येथे ४५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण २००० सालापासून उभी आहे. तिथले हिवाळी तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते, आणि तिचा कारभार उपग्रहामार्फत बंगळूरजवळच्या होसकोट्याहून चालतो. म्हणजे दुर्बिणीला हिव, निरीक्षकाला नाही. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ १९८९ पासून आणि ‘भारती’ २०१२ पासून आहे. इतके दूर कशाला, महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत जी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, ती म्हणजे उघड्यावरचे छोटे संगणकच. लोखंडी खांबावर एक पेटी, वर सौरपट्टी, आत बॅटरी, ठरावीक मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस टिपून पाठवायचे काम. केळीसारख्या फळपिकाच्या विम्यात किमान तापमान ठरावीक अंशाखाली सलग काही दिवस राहिले तर भरपाई मिळते, आणि ‘किती अंश’ याचा निवाडा अशी पेटी करते. शेतकऱ्याच्या अंगावरचा काटा त्यात पुरावा धरला जात नाही. ही यंत्रे चालतात, कारण कोणीतरी आधी विचार केलेला असतो. आमचे तसे नव्हते.

साधारण पाव तासानंतर पडदा काळवंडू लागला. उजेड आपोआप कमी झाला होता. आम्ही बोटांनी कळ शोधत होतो, बोटे बधिर. बॅटरीचा आकडा ५८ वरून ४१ वर आला, मग पाहता पाहता ३३. समोर मोठीमाय डोळे मिटून म्हणत होती. हे इथे नमूद करतो की पुढच्या पंधरा मिनिटांत तिने काय म्हटले हे आम्ही ऐकले नाही. तिच्यापासून तीन हातांवर बसून आम्ही आकडा पाहत होतो. एकतिसाव्या मिनिटाला पडदा गेला. ती आणखी थोडा वेळ म्हणत राहिली, आम्ही संगणकाची कळ दाबत राहिलो. तूर संपली तेव्हा उजाडत होते.

मग आम्ही आणखी एक शहाणपण केले. यंत्राला ऊब द्यावी म्हणून ते उचलून सरळ झोपडीत, चुलीजवळ नेले. चुलीवर पाण्याचे मोठे पातेले वाफाळत होते. गार तांब्यावर बाहेरून थेंब जमतात हे शाळेत शिकवतात. तेच थेंब संगणकाच्या आत, बाहेर, कळांच्या फटींत जमले. थंडीने तो नुसता झोपला होता, आम्ही त्याला दवाने भिजवला आणि लगेच सुरू करायचा प्रयत्नही केला. घट्ट पिशवीत गुंडाळून तासभर तसाच ठेवायला हवा होता. हे आम्हाला दुरुस्तीच्या दुकानात कळले, जिथे त्यातली तबकडी तेवढी काढून देण्यात आली आणि बाकीचा भंगारात गेला. तबकडीवर ते ध्वनिमुद्रण होते. लांबी शून्य सेकंद.

पुन्हा मुद्रण का केले नाही, हा रास्त प्रश्न आहे. जानेवारीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी, तिला वेळ नव्हता. चैत्रात आम्ही फोन घेऊन गेलो तेव्हा ती गावातल्या घरी होती, दुपार होती, हाताला खुंटा नव्हता. “एकदा म्हणलेलं पुन्हा कशाला रे लेकरा, तुझ्या डब्यात हाय की,” म्हणाली. डब्यात काही नाही हे आम्ही तिला सांगितले नाही. त्याच वर्षी, २०१९च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी ती गेली.

२०२१ साली आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो मराठी सोडून संगणकाकडे वळला आणि सुखी झाला, ते ध्वनिमुद्रण मागून घेतले. त्याने सांगितलेले थोडक्यात असे. आवाज साठवणाऱ्या या प्रकारात सुरुवातीला काही अक्षरांची एक पाटी असते, तिच्यावर पुढे किती मजकूर आहे हे लिहिलेले असते. पण हा आकडा पुष्कळदा शेवटी, मुद्रण नीट बंद करताना भरला जातो. मध्येच वीज गेली तर पाटीवर शून्यच राहते, आणि वाजवणारा पाटी वाचून परत फिरतो. आत माणूस असतो. त्याने हिशेब करून पाटीवर खरा आकडा लिहिला, आणि एकतीस मिनिटे उघडली.

ऐकली. सुरुवातीला जात्याची घरघर मोठी, मग ती मागे जाते आणि आवाज पुढे येतो. पहिल्या ओव्या रामाच्या, सीतेच्या वनवासाच्या, त्या वळणाच्या ओव्या संग्रहांतून भेटतात. मग माहेरच्या, भावाच्या. बाविसाव्या मिनिटाच्या आसपास ती लेकीवर येते. ओवीत लेक असतेच, लेकीवर एक स्वतंत्र विभागच पडेल इतक्या ओव्या आहेत. पण या ओवीत पहिल्या ओळीत लेकीचे नाव घेतलेले आहे, आणि एक जागा सांगितली आहे, आमच्याच शिवारातली, ओढ्याकाठची. मोठीमायला चार मुलगे. मुलगी नव्हती. निदान आम्हाला कधी कोणी सांगितले नाही.

आम्ही वर्गात ठासून शिकवतो की ओवीतला ‘मी’ हा म्हणणारीचा चरित्रात्मक ‘मी’ समजू नये. ओवी एकीकडून दुसरीकडे जाते, नावे बदलतात, जागा बदलतात, जी म्हणते तिची ती होते. ते चुकीचे नाही. हे नाव दुसऱ्या कोणाच्या लेकीचे असेल, तिच्या आईकडून आले असेल, ओवीच्या मापात बसते म्हणून आले असेल. पण ओढ्याकाठची ती जागा कुठून आली? पहिल्या ओळीनंतर ती ओळ पुन्हा म्हणते, तशी रीतच आहे, पहिली ओळ घोळवून मग दुसरी. आणि दुसरी ओळ सुरू व्हायच्या जागी एक पुरुषी, घाईचा, खर्जातला आवाज येतो. “मोठीमाय, थांब जरा, थांब थांब, हे बंद पडायलंय.” तो आवाज आमचा आहे.

जाते थांबते. सहा-सात सेकंद नुसता वारा. मग तिचा प्रश्न ऐकू येतो, “त्याला बी हिव वाजायलंय का रे?” आणि ती हसते. आम्ही काहीतरी पुटपुटतो, कळा दाबल्याचा आवाज येतो, मग आम्ही म्हणतो, “हं, म्हण.” जाते पुन्हा फिरते. ती विठ्ठलाची ओवी घेते.

नाव आम्ही इथे लिहीत नाही. चुलतभावांना विचारले, थोरल्याला काही माहीत नाही, धाकटा ऐकून गप्प बसला आणि त्याने ती जागा पुन्हा एकदा लावायला सांगितली. चुलते आधीच गेलेले. गावात तिच्या वयाच्या दोघीजणी होत्या, त्यांतल्या एकीने नाव ऐकून मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिच्या सुनेलाही सांगता आले नाही.

विठ्ठलाच्या ओव्या आठ मिनिटे आहेत. शेवटच्या मिनिटात लांबवर विहिरीवरची मोटार सुरू होते, चुलतभाऊ कोणाला तरी दांड फोडायला ओरडून सांगतो. मोठीमाय पंढरीच्या वाटेवर आहे, चंद्रभागा अजून दिसायची आहे, आणि मुद्रण तिथे संपते.